चिंगेनला परत जाऊ द्या

ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर चिंगेन, इन हैंग लोई, कोकिओन, पुलो पक्का, पुलो भा अशी निकोबारी लोकांची गावे होती. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि थोड्याच वेळात ही गावे पाण्याखाली गेली. जी माणसे वाचली त्यांना सरकारने पूर्व किनाऱ्यावर, कॅम्पबेल बे या प्रशासकीय ठाण्याजवळ आणून ठेवले. तिथेच पुढे राजीव नगर आणि न्यू चिंगेन या वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हापासून ही माणसे एकच मागणी करीत आहेत: आम्हांला आमच्या गावी परत जाऊ द्या. वीस वर्षे उलटून गेली. त्सुनामीच्या वेळी कडेवर असलेली मुले आता आईबाप झाली, मागणी मात्र तशीच पडून आहे. दरम्यान त्या ओस पडलेल्या गावांच्या जमिनीवर दुसरीच आखणी झाली. चिंगेनच्या परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळ, गॅलाथिया नदीच्या मुखाशी प्रचंड मालवाहू बंदर, त्यांच्या पाठीशी वीजप्रकल्प आणि लाखोंच्या वस्तीचे नवे शहर असा हा बेत आहे. त्याला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे आणि झाडे मोजण्या-तोडण्याच्या निविदांपर्यंत काम आले आहे. म्हणून हा विषय आज मांडायचा आणि मोठ्या आवाजात मांडायचा.

अंदमान म्हटले की मराठी मनापुढे सेल्युलर जेल उभे राहते. महाराष्ट्रातून दरवर्षी शाळा-महाविद्यालयांच्या सहली तिथे जातात, कोठड्या पाहतात, नतमस्तक होऊन परत येतात. पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) दक्षिणेला पाचशेहून अधिक किलोमीटर अंतरावर आपल्याच देशाचे शेवटचे बेट आहे आणि तिथून सुमात्रा आपल्या मुख्य भूमीपेक्षा कितीतरी जवळ आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. ग्रेट निकोबारचे क्षेत्रफळ सुमारे नऊशे चौरस किलोमीटर. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि बेटाचा बहुतेक भाग व्यापणारे सदाहरित अरण्य. १९८९ मध्ये ते जीवावरण राखीव क्षेत्र झाले, २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक यादीत गेले. बेटावर माणसे जेमतेम आठ हजार. बोटीने जायचे तर दोन-तीन दिवस हाताशी ठेवावे लागतात, समुद्र खवळला तर त्याहून जास्त. हेलिकॉप्टरच्या जागा मोजक्या. गंभीर आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे तर पोर्ट ब्लेअर, आणि तेही हवामानाच्या मर्जीवर. विकास पाहिजे असे बेटावरचा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा याच गोष्टी असतात: वेळेवर सुटणारी बोट, डॉक्टर, वर्गात शिक्षक, उखडलेला रस्ता दुरुस्त. या मागण्या रास्त आहेत आणि त्या पुऱ्या करायला अरण्य तोडावे लागत नाही.

चिंगेनसारख्या गावातले जगणे कसे होते हे समजून घेतल्याशिवाय काय हिरावले गेले ते कळणार नाही. निकोबारी माणसाची संपत्ती म्हणजे नारळाच्या बागा. त्या कुटुंबाकुटुंबाच्या, पिढीजात, कुठले झाड कुणाच्या आज्याने लावले हे तोंडपाठ असलेल्या. बागेलगत केवडी, म्हणजे आपल्या कोकणातल्या केवड्याच्याच कुळातले झाड, पण त्याची फणसाएवढाली फळे शिजवून, कुटून खाल्ली जातात आणि ती तिथले मुख्य अन्न आहेत. डुकरे आणि कोंबड्या मोकळ्या हिंडणाऱ्या, कंद रानात, मासे समोरच्या खाडीत आणि किनाऱ्यावर उलांडीच्या होड्या. नारळाचे खोबरे करून विकायचे आणि त्या पैशांत तांदूळ, कापड, रॉकेल आणायचे. रोकड लागे ती एवढ्यासाठीच. सणाला डुक्कर मारायचे ते साऱ्या गावात वाटायचे. आतल्या रानात राहणाऱ्या शोंपेन लोकांशी देवघेव असे. ते मध आणि रानातल्या वस्तू घेऊन येत, बदल्यात लोखंडाची अवजारे, कापड नेत. दोन समाजांमधला हा संबंध अनेक पिढ्यांचा होता आणि तो सांभाळायला कुठलाही विभाग लागला नाही.

राजीव नगरात आल्यावर यातले काय उरले? डोक्यावर सरकारी छप्पर आले, रेशनचा तांदूळ आला. आपत्तीनंतर धावून आलेल्या यंत्रणेने पहिल्या वर्षांत केलेले मदतकार्य आम्ही कमी लेखत नाही. पण बागा तिकडे, माणसे इकडे. होडी ठेवायला आपला किनारा नाही, डुकरे पाळायला मोकळे रान नाही. स्वतःच्या बागेचा मालक असलेला माणूस कॅम्पबेल बेत रोजंदारीवर जाऊ लागला. जुन्या गावांकडे जाणारा किनारी रस्ता त्सुनामीत तुटला, आणि तो पूर्ववत करून या लोकांची परतीची वाट सोपी करण्याची घाई कुणालाच नव्हती. त्याच किनाऱ्यावर बंदर आणि विमानतळ उभारायचे ठरले तेव्हा मात्र रस्त्यापासून धावपट्टीपर्यंत सगळ्याचे आराखडे तयार झाले. ज्यांना वीस वर्षे सांगण्यात आले की तिकडे राहणे धोक्याचे आहे, त्यांच्याच जमिनीवर आता साडेतीन लाख माणसे वसवण्याचा बेत आहे. तिथे राहणे धोक्याचे असेल तर ते साडेतीन लाखांनाही धोक्याचेच असणार. धोक्याचे नसेल, तर चिंगेनच्या माणसांना दोन दशके का अडवून ठेवले?

हा प्रश्न सरकारने टाळला आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकल्पाचे मर्म त्यातच आहे. संकटकाळात हलवलेल्या माणसांची गैरहजेरी हीच त्यांची संमती धरली गेली. गाव ओस आहे, म्हणजे जमीन मोकळी आहे, अशी ही समजूत आहे. भारतात हे पहिल्यांदा घडते आहे असे नाही, पण त्सुनामीग्रस्तांच्या बाबतीत ते घडावे हे विशेष क्लेशदायक आहे. पाणी ओसरल्यावर त्यांनी आपली घरे सोडली ती सरकारच्या सांगण्यावरून, सरकारवर विश्वास ठेवून.

आता प्रकल्पाची व्याप्ती पाहू. नीती आयोगाच्या कल्पनेतून निघालेला आणि अंदमान-निकोबारच्या एकात्मिक विकास महामंडळामार्फत राबवला जाणारा हा प्रकल्प १६६ चौरस किलोमीटरांवर पसरणार आहे. त्यातली १३० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन अरण्याची, आणि ८४ चौरस किलोमीटर आदिवासी राखीव क्षेत्रातली. सुरुवातीला खर्च ७२ हजार कोटी रुपये सांगितला गेला, नंतरचे आकडे त्याहून मोठे आहेत. बंदराची अंतिम क्षमता वर्षाला १ कोटी ४२ लाख कंटेनर. आपल्या उरणच्या जेएनपीए बंदराने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले आणि तेवढ्यासाठी नवी मुंबईपासून पनवेलपर्यंतचा सारा परिसर, त्याचे रस्ते, गोदामे, खाड्या यांचे रूप किती पालटले ते महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. उरणच्या आगरी-कोळी बांधवांना विचारा. त्या बंदराच्या जवळजवळ दुप्पट माल नऊशे चौरस किलोमीटरच्या बेटावर आणायचा आहे. तोडाव्या लागणाऱ्या झाडांची संख्या सुरुवातीच्या कागदपत्रांत साडेआठ लाख होती, संसदेत दिलेल्या उत्तरात ती ९ लाख ६४ हजार झाली. या तोडीची भरपाई म्हणून झाडे लावायची आहेत ती हरियाणात. विषुववृत्ताजवळच्या बेटावरील सदाहरित रान आणि अरवलीच्या पायथ्याची कोरडी जमीन यांची सरकारी वहीत बरोबरी झाली, पण गॅलाथियाच्या काठच्या मेगापोड पक्ष्याला, निकोबारच्या माकडाला किंवा शोंपेन मुलाला त्या झाडांची सावली मिळणार नाही.

गॅलाथियाच्या मुखाशी असलेली पुळण हा जगातल्या सर्वांत मोठ्या कासवाचा, लेदरबॅकचा, भारतातला एक प्रमुख विणीचा किनारा आहे. वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपणाऱ्या कोकणी माणसाला सांगायला नको की कासवाची मादी अंडी घालायला त्याच त्या किनाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा वळते. १९९७ मध्ये गॅलाथिया उपसागराला अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. जानेवारी २०२१ मध्ये तो काढून घेण्यात आला. नंतर बदली म्हणून लिटल निकोबारवर कासवांसाठी, मेंचल बेटावर मेगापोडसाठी आणि मेरो बेटावर प्रवाळांसाठी नवी अभयारण्ये जाहीर झाली. मेंचल आणि मेरो ही निकोबारींची पिढीजात मालकीची, त्यांच्या श्रद्धेशी बांधलेली बेटे. ग्रेट निकोबारच्या विनाशाची भरपाई करताना आणखी दोन बेटांवरचा त्यांचा हक्क असा कागदावर आक्रसून गेला, आणि तेही त्यांना न विचारता. सोळा हजारांहून अधिक प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे रोवण्याची योजना आहे. माणसे हलवता येतात, प्रवाळ हलवता येतात, कासवेही सांगितलेल्या बेटावर जातील, या समजुतीवर ही आखणी उभी आहे.

शोंपेनांविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ते स्वतः निवेदन द्यायला येणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ नोंदली गेली. डोंगरउतारांवर, नद्यांच्या काठाने छोट्या छोट्या टोळ्यांनी राहणारे, शिकार करणारे, केवडीची झाडे जपणारे हे लोक. त्यांतल्या अनेकांनी बाहेरच्या माणसाशी संबंध फारसा ठेवलेला नाही, आणि तो ठेवायचा नाही हा त्यांचा निर्णय आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समूह ज्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहेत, त्याच यादीत शोंपेन आहेत. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी खास धोरण ठरले. ग्रेट निकोबारवर मोठा विकासप्रकल्प आला तर शोंपेनांचे हित आणि त्यांची अखंडता यांचा विचार आधी व्हावा, असे त्या धोरणात म्हटले आहे. धोरण रद्द झालेले नाही. आठ हजारांच्या बेटावर साडेतीन लाख माणसे आणल्याने २२९ माणसांच्या समाजाचे हित कसे साधणार हे मात्र कुठल्याही सरकारी कागदातून समजत नाही.

काय होऊ शकते याचा अंदाज बांधायला कल्पनाशक्ती लागत नाही, अंदमानचा इतिहास पुरेसा आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८७७ मध्ये गोवराची साथ आली, इतर संसर्ग आले, दारू आली. आज ते पन्नासच्या आसपास उरले आहेत आणि त्यांच्या बहुतेक भाषा मेल्या. स्वतंत्र भारतात अंदमानच्या जारवा आदिवासींच्या अरण्यातून ट्रंक रोड काढला गेला. १९९९ मध्ये जारवांत गोवर पसरला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अरण्यातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहने अजून धावतात. शोंपेनांच्या अंगात बाहेरच्या साध्या सर्दी-पडशाशी झुंजण्याची शक्ती आहे की नाही हे बांधकामावरचे हजारो मजूर आल्यावर तपासायचे, यासारखा अमानुष प्रयोग दुसरा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये १३ देशांतल्या ३९ अभ्यासकांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले. वंशसंहाराचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्याचे काम. हा प्रकल्प शोंपेनांसाठी मृत्युदंड ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. देशाच्या राष्ट्रपतिपदी आज आदिवासी समाजातून आलेल्या द्रौपदी मुर्मू आहेत. त्या पत्राचे गांभीर्य त्यांना समजावून सांगावे लागू नये.

आता संमतीचे प्रकरण. २७ जानेवारी २०२२ रोजी कॅम्पबेल बे येथे जनसुनावणी झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ना-हरकत दिली. ऑक्टोबरअखेर वनविषयक तत्त्वतः मंजुरी आली, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी पर्यावरण मंजुरी आली. आणि २२ नोव्हेंबरला त्याच परिषदेने ना-हरकत मागे घेतली. आमची किती जमीन जाणार हे आम्हांला नीट सांगितले गेले नाही, आमची जुनी गावे त्यात जाणार हे आम्हांला ठाऊक नव्हते, असे तिचे म्हणणे. जिथे परतायची आस धरून बसलो तीच जमीन आपल्या सहीने जाते आहे हे कळल्यावर कुणीही सही मागे घेईल. एखाद्या शेतकऱ्याने मोजणीचा नकाशा न दाखवता घेतलेल्या अंगठ्याविरुद्ध तक्रार केली, तर आपले महसूल न्यायालयही ती ऐकून घेते. परिषदेचे पत्र आल्यावर मंजुरी थांबवून फेरविचार व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये परिषदेने केंद्रीय आदिवासी कार्यमंत्र्यांकडे थेट तक्रार केली की वनहक्क कायद्याखालचे आमचे हक्क निश्चित झाल्याचे प्रशासनाने कळवले ते खोटे आहे, ती प्रक्रिया इथे सुरूच झालेली नाही.

२००६ चा वनहक्क कायदा काय करू शकतो हे महाराष्ट्राएवढे कुणाला ठाऊक नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण हवी की नको हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. ती खाण झाली नाही. नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींना जे विचारले गेले ते निकोबारींना आणि शोंपेनांना का विचारले जाऊ नये? शोंपेनांची ग्रामसभा कशी घ्यायची असे अधिकारी म्हणतील. अडचण खरी आहे. पण ज्याला विचारता येत नाही त्याची जमीन घेता येत नाही, एवढाच त्या अडचणीचा अर्थ होतो. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी मान डोलावून ती सुटत नाही.

बेटावर आणखी एक समाज आहे आणि त्याचे धागे थेट महाराष्ट्राशी जुळलेले आहेत. १९६९ पासून पुढची दहा-अकरा वर्षे केंद्र सरकारने माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे ग्रेट निकोबारवर वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू यांच्याबरोबर त्यांत महाराष्ट्रातली कुटुंबेही होती. गांधी नगर, शास्त्री नगर, लक्ष्मी नगर, विजय नगर, गोविंद नगर या पूर्व किनाऱ्यावरच्या वस्त्या त्यांच्या. सरकारने रान तोडून दिले, या माणसांनी ते कसले, नारळ-सुपारी लावली, मुले वाढवली. त्सुनामीने त्यांचीही घरे, माणसे, बागा नेल्या. आज त्यांच्यातल्या काहींना प्रकल्पाकडून आशा आहे, जोडणी वाढेल, रोजगार येईल असे वाटते. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण विमानतळ आणि नगरासाठी त्यांच्याही जमिनी लागणार आहेत. सीमेवर राहा, देशाची राखण करा, असे सांगून ज्यांना तिथे नेले त्यांची तिसरी पिढी आता भूसंपादनाच्या नोटिसांना तोंड देत आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या नातवंडांना अजून मोर्चे काढावे लागतात, हे पाहणाऱ्या महाराष्ट्राने या कुटुंबांची चौकशी करणे एवढे तरी आपले कर्तव्य मानावे. निकोबारी आणि हे सेटलर (तिथे हाच शब्द चालतो) यांच्यात प्रकल्पाच्या निमित्ताने दुही माजू नये, हेही पाहावे लागेल.

प्रकल्पाच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे तो देशाच्या संरक्षणाचा. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जगाचा जलमार्ग या बेटाच्या दक्षिणेने जातो. चीनचे आरमार हिंदी महासागरात वाढते आहे. या बेटावर भारताचे नौदल बळकट असावे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्यासाठीच २०१२ पासून कॅम्पबेल बेत नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ हा हवाई तळ आहे. तो वाढवावा, धावपट्टी लांब करावी, जवानांसाठी सोयी कराव्यात. पण साडेतीन लाखांचे नगर, पर्यटनाची हॉटेले आणि खासगी कंपन्यांच्या मालाची देवघेव यांनी संरक्षण कसे होते? उलट, भूकंपप्रवण बेटावर एवढी नागरी वस्ती म्हणजे युद्धकाळात नौदलाच्या खांद्यावर वाढलेले ओझे. संरक्षणाचे नाव पुढे करून माहिती मात्र अडवली जात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये या मंजुरीतल्या काही त्रुटींवर विचार करण्यासाठी उच्चाधिकार समिती नेमली. तिचा संपूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवला गेला नाही. मुंबईच्या ‘कॉन्झर्वेशन अ‍ॅक्शन ट्रस्ट’ने लवादाकडे दाद मागितली होती. पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’शी जोडलेले संशोधक पंकज सेखसरिया वर्षानुवर्षे या बेटांवर लिहीत आले आहेत. त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी कागद उकरून काढले नसते तर आज जेवढे कळते तेवढेही कळले नसते.

व्यापाराचा युक्तिवाद तर त्याहून अशक्त आहे. आपला माल कोलंबो किंवा सिंगापूरला उतरवून पुन्हा चढवावा लागू नये म्हणून मोठी बंदरे हवीत, हे मान्य. त्यासाठीच केरळात विझिंजम बंदर उभे राहिले आणि मे २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६ हजार कोटींचे बंदर मंजूर झाले आहे. डहाणूच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, तो वेगळा विषय. मुद्दा असा की तेच काम करायला तिसरे, मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर, मागे उद्योगांचा मुलूख नसलेले बंदर कशासाठी, याचे पटणारे उत्तर दिले गेलेले नाही.

आणि जमीन? २००४ च्या भूकंपात इंदिरा पॉइंट, म्हणजे आपल्या देशाचे दक्षिण टोक, चार मीटरहून अधिक खाली गेले. दीपस्तंभाचा पाया समुद्रात बुडाला. एरवी हजारो वर्षांत होणारी ही उलथापालथ काही मिनिटांत झाली. भूकंपाच्या नकाशात हे बेट सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात मोडते. त्या दीपस्तंभापासून जवळच बंदर आणि तेलाच्या टाक्या, रसायनांचे कंटेनर, लाखोंची वस्ती वसवायची आहे. निकोबारींची गावे त्सुनामीत वाहून गेली तेव्हा त्यांच्यामागे निदान डोंगर आणि रान होते. वाचलेली माणसे वर पळाली आणि नारळाच्या पाण्यावर, रानातल्या कंदांवर दिवस काढून जगली. उद्याच्या नगरात ती वर पळायची जागाच तोडलेली असेल.

तर काय व्हायला हवे? झाडतोड आजच्या आज थांबली पाहिजे, कारण एकदा तोडलेले सदाहरित रान नंतरच्या कुठल्याही निकालाने परत येत नाही. न्यायालयात प्रकरणे प्रलंबित असताना कुऱ्हाड चालवणे म्हणजे निकालाआधीच फाशी देणे आहे. उच्चाधिकार समितीचा अहवाल, त्यातले खरोखर लष्करी गुपित असेल तेवढे झाकून, संसदेपुढे आणि लोकांपुढे ठेवला पाहिजे. वनहक्क कायद्याखाली निकोबारींच्या प्रत्येक जुन्या गावाचा दावा, ते गाव आज ओस आहे हे कारण न सांगता, नोंदवला गेला पाहिजे. ८४ चौरस किलोमीटर राखीव क्षेत्र काढून घेण्याचा निर्णय रद्द झाला पाहिजे, आणि २०१५ च्या शोंपेन धोरणाला कायद्याचे बळ दिले पाहिजे. नौदलाला जे हवे ते नौदलाने वेगळे मांडावे, संसदेने ते वेगळे मंजूर करावे.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांच्यापैकी कितींनी या प्रश्नावर तोंड उघडले हे मतदारांनी त्यांना विचारावे. विधिमंडळाच्या आदिवासी आमदारांनी, वनहक्कासाठी लढलेल्या गडचिरोली, नंदुरबार, ठाणे-पालघरच्या संघटनांनी निकोबारच्या आदिवासी परिषदेला उघड पाठिंब्याचे पत्र पाठवावे. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेचे एक पत्र राजीव नगरात पोहोचले तर त्याचे मोल एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्याहून अधिक ठरेल. ग्रेट निकोबारवर वसलेल्या मराठी माजी सैनिकांच्या कुटुंबांची यादी काढून त्यांच्या जमिनीचे काय होणार हे राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने केंद्राला लेखी विचारावे.

आणि सर्वांत आधी, किनाऱ्याचा तो तुटलेला रस्ता दुरुस्त करा. चिंगेन, इन हैंग लोई, कोकिओन, पुलो पक्का इथे ज्यांना परत जायचे आहे त्यांना उंचावरच्या जागेवर घर बांधायला लाकूड-पत्रा द्या, एक दवाखाना, एक शाळा आणि त्सुनामीचा इशारा देणारा भोंगा द्या. बाहत्तर हजार कोटींच्या प्रकल्पापुढे हा खर्च किरकोळ आहे. हे काम येत्या पावसाळ्याच्या आत सुरू करता येईल.